कर्ण्यापासून कानापर्यंत

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. घरामागच्या बोळात टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांची एक शेड आहे आणि तिचा खटाक-खट ठेका सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालू असतो. या भागात राहणाऱ्या माणसाला तो ऐकू येत नाही. बंद पडला की मगच ऐकू येतो. वीज गेल्याचे आम्हांला दिवे गेल्यामुळे नव्हे, तर माग थांबल्यामुळे आधी कळते.

आम्ही उभयता मराठीचे अध्यापन करतो. गेल्या वर्षी नाट्यसंगीतावरील एका टिपणासाठी जुन्या तबकड्यांवरून संगणकात उतरवलेली पदे बारकाईने ऐकण्याची गरज निर्माण झाली. छापील संहितेतील पद आणि गायलेले पद यांत शब्दांचा फरक पडतो. तो नेमका कुठे पडतो, हे नोंदवायचे होते. लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरमधून येणारे सूर आणि मागांचा ठेका यांच्या झटापटीत शब्द हरवत असत. एका माजी विद्यार्थ्याने आपला वापरलेला, कान पूर्ण झाकणारा, २५० ओहमचा हेडफोन आणून दिला. तो लॅपटॉपला जोडला, तर आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा क्षीण. तेव्हा त्यानेच सांगितले, की याला स्वतंत्र ध्वनिवर्धक, म्हणजे टेबलावर ठेवायचा हेडफोन अॅम्प्लिफायर, लागेल. तोही यथावकाश घरी आला. डबीएवढी वस्तू, पुढे एक गोल खुंटी आणि एक भोक, मागे दोन-तीन वायरी.

ही मांडामांड चालू असताना घरातील थोरल्या आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले, "गाणं म्हणजे काय औषध आहे का रे, एकट्यानं घ्यायला?"

या प्रश्नाला त्या वेळी आम्ही हसून उत्तर दिले, म्हणजे उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. गाणे एकट्याने ऐकणे ही खरोखरच अलीकडची विकृती आहे काय? आणि सोलापूरसारख्या गावात, जिथे कान हा पोट भरण्याच्या धंद्यात खर्ची पडणारा अवयव आहे, तिथे 'ऐकणे' या क्रियेचा इतिहास कोणता?

* * *

पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की यंत्राद्वारे ऐकण्याच्या इतिहासात कानाला लावायचे साधन आधी आले आणि खोलीभर आवाज भरणारा स्पीकर नंतर. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातील गायन टेलिफोनच्या तारांवरून ऐकवले. श्रोते दोन्ही कानांना एकेक श्रवणिका लावून उभे राहत. पुढे 'तेआत्रोफोन' या नावाने ही सेवा वर्गणीदारांना घरपोच मिळू लागली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा १९११ साली तिचा वर्गणीदार झाला. आजारपणामुळे नाट्यगृहात जाणे त्याला जमत नसे. तो अंथरुणात पडून देबुसीचा 'पेलेआस ए मेलिझांद' हा ऑपेरा ऐकत असे. विसाव्या शतकातील स्मरणाचा सर्वांत मोठा कादंबरीकार हा कानाला यंत्र लावून एकट्याने ऐकणारा श्रोता होता, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारी आहे.

रेडिओचेही तसेच. १९२० च्या दशकारंभी युरोप-अमेरिकेत जो साधा स्फटिक-रेडिओ घरोघरी होता, त्याला वीज लागत नसे. गॅलेना या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, लांब एरियल आणि हेडफोन. हवेतून येणारी क्षीण ऊर्जा स्पीकर हलवू शकत नव्हती. ती फक्त कानाला चिकटलेला पातळ पडदा हलवू शके. गॅलेनाचा असा उपयोग करणारे जगदीशचंद्र बोस. त्यांना या शोधकाचे अमेरिकी पेटंट १९०४ साली मिळाले. हेडफोनची कथाही अशीच घरगुती आहे. अमेरिकेतील यूटा येथल्या नथॅनिएल बाल्डविनने आपल्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन १९१० साली अमेरिकी नौदलाकडे पाठवले आणि नौदलाने ते स्वीकारले.

म्हणजे 'पूर्वी सगळे मिळून ऐकत, आता एकेकटे ऐकतात' हे आपले लाडके सूत्र इतिहासाच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही. आवाज मोठा करण्याची शक्ती, म्हणजे निर्वात नळीचा ध्वनिवर्धक, हाती आल्यानंतरच रेडिओ खोलीत सर्वांसाठी बोलू लागला. एकांतातले श्रवण मूळचे. सामुदायिक श्रवण ही विजेच्या मुबलकतेची देणगी.

* * *

आपल्याकडे मात्र क्रम थोडा निराळा पडला, कारण आपल्याकडे आधी आला तो कर्ण्याचा फोनो.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मुद्रणाला वीज नव्हती. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे. आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणावर चरा उमटायचा. मेणाच्या त्या मूळ चकत्या जर्मनीत हानोव्हर येथे जात आणि तिथून तबकड्या बनून परत येत. गाण्याच्या अखेरीस गौहरजान स्वतःचे नाव उच्चारीत, ते तिकडच्या कारागिरांना चिठ्ठी कोणाच्या नावाची लावायची हे कळावे म्हणून, असे सांगतात. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकडी देशी झाली.

एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. या मर्यादेविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे आणि बहुतेक सगळे तक्रारीच्या सुरात. रात्रभर रंगणारे गाणे साडेतीन मिनिटांत कोंबले, हे खरेच. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अल्लादिया खाँ १९४६ साली गेले आणि तबकडीवर आपला आवाज मागे न ठेवता गेले. आज त्यांच्याविषयी आपण जे जाणतो ते शिष्यांच्या गाण्यातून आणि आठवणींतून. याउलट त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीची एक छोटी तबकडी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर सूर्यमालेबाहेर जायला निघाली. त्या सोनेरी तबकडीसोबत सुई आणि ती कशी वाजवावी याच्या आकृत्याही जोडलेल्या आहेत. गोव्यातील केरी गावच्या या गायिकेचा देह त्याच वर्षी सप्टेंबरात पडला. गुरूंचा आवाज पृथ्वीवरही उरला नाही आणि शिष्येचा पृथ्वी सोडून गेला. दोहोंमधले अंतर साडेतीन मिनिटांच्या तबकडीचे.

तबकडीने आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे आपल्या संगीतचर्चेत पुरेसे लक्ष गेले नाही. ज्या गायिकांच्या बैठकीला घरंदाज स्त्री कधीच जाऊ शकत नव्हती, त्या गायिकांचा आवाज तबकडीवर बसून तिच्या माजघरात आला. बैठक पुरुषांची होती. ज्याला आपण 'सामुदायिक श्रवण' म्हणतो, त्या समुदायात कोण कोण बसत होते, हा प्रश्न विचारला की त्या शब्दाभोवतीचे तेज थोडे कमी होते. घरी ऐकणे हे बाहेर ऐकण्याच्या तुलनेत नेहमीच संकुचित नसते. ज्याला बाहेर जागाच नाही, त्याच्यासाठी ते विस्तारणे असते.

* * *

रेडिओच्या बाबतीत सोलापूर प्रारंभी कुंपणाबाहेर होते. १९२१ च्या ऑगस्टमध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'ने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने मुंबईहून संगीताचा खास कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. परंतु त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॉटचा आणि खात्रीचा टप्पा पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. सोलापूर तिथून चारशे किलोमीटर. कंपनी १९३० मध्ये दिवाळ्यात निघाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले.

त्या १९३० च्या सुमारास सोलापूरच्या कानांवर काय पडत होते? गिरण्यांचे भोंगे. जुनी मिल १८७७ पासूनची. या गावचा दिवस भोंग्यावर उजाडत असे आणि भोंग्यावर मावळत असे. १९३० च्या मे महिन्यात येथे लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. त्या चार नावांतच या गावच्या बोलींचा मेळ दिसतो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा ज्या गावात रोज कानावर पडतात, त्या गावाचा कान घडवावा लागत नाही.

रेडिओच्या तबकडीवर, म्हणजे काटा फिरतो त्या पट्टीवर, हा मेळ पुन्हा प्रकट झाला. दिवस मावळल्यावर वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर विरतो आणि मध्यम लहरी दूरवर पोहोचू लागतात. एक बोट इकडे सरकवले की धारवाड, तिकडे सरकवले की हैदराबाद, मध्येच पुणे, मुंबई. धारवाड केंद्र १९५० मध्ये सुरू झाले. निझामाचा 'डेक्कन रेडिओ' त्याच वर्षी आकाशवाणीत विलीन झाला. पुणे केंद्र १९५३ चे. भाषावार प्रांतरचनेच्या वादांत सीमारेषा नकाशावर आखल्या जात होत्या, त्याच वर्षांत सोलापूरकर रात्री काटा फिरवून त्या रेषा ओलांडत होता. आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगत, की रेडिओ हॉलमध्ये असला तरी काट्यावर सत्ता एकाचीच असे. ऐकणे सर्वांचे, निवड एकाची. सामुदायिक श्रवणाची ही बाजूही नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. १ एप्रिल १९५५, रामनवमी, या दिवशी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षाहून अधिक काळ, एकूण ५६ गीते. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून माणसे ऐकायला बसत, असे त्या पिढीकडून पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. सगळे गाव एकाच क्षणी एकच गीत ऐकते आहे, ही जाणीव त्या ऐकण्याचा भाग होती. ती हेडफोनमधून मिळत नाही. कितीही महागडा घेतला, तरी मिळत नाही. आत्याबाईंचा प्रश्न जिथून येतो ती जागा ही आहे, आणि ती खोटी नाही.

* * *

पुढचा टप्पा आमच्या स्वतःच्या आठवणीतला. १९६३ साली फिलिप्स कंपनीने आणलेली कॅसेट आपल्याकडे खऱ्या अर्थाने १९८० च्या दशकात पसरली. तबकडीचे मुद्रण मोठ्या कंपन्यांच्या हाती होते. कॅसेट कोणालाही भरता येऊ लागली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या घडामोडीचा अभ्यास केला. आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे, तर मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे यांचा आवाज चहाच्या टपरीपासून एस.टी. स्टँडपर्यंत आणि आषाढीच्या वाटेपासून भीमजयंतीच्या मंडपापर्यंत पोचला, तो कॅसेटवर बसून. त्यांच्या विठ्ठलगीतांचा आणि भीमगीतांचा श्रोता अनेकदा एकच असे. विद्यापीठीय समीक्षेने या आवाजाची दखल फार उशिरा घेतली, हे आम्ही आमच्याही पदरात घालून घेतो.

याच कॅसेटच्या पोटी वॉकमन जन्मला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनला हेडफोन जोडण्याची दोन भोके होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज दबे आणि सोबत्याचे बोलणे ऐकू येई. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना एकट्याने ऐकणे असभ्यपणाचे वाटेल अशी धास्ती होती, म्हणून ही योजना. पुढच्या प्रतिमानांतून हे बटण नाहीसे झाले, कारण लोकांना ते नकोच होते. एकांताचे यंत्र बनवणाऱ्यालाच एकांताचा संकोच वाटावा आणि घेणाऱ्याला तो वाटू नये, यात आत्याबाईंच्या प्रश्नाचा सबंध इतिहास सामावला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या संकोचाचा दुसरा अवतार ओळखीचा असायला हवा. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचतो, हे पाहून संत ऑगस्टीनला नवल वाटले. त्याची नोंद त्याने आपल्या आत्मकथनात केली आहे. आपल्याकडे तर 'पोथी वाचणे' याचा अर्थच मोठ्याने वाचणे असा होता. चातुर्मासात पोथी लावली जाई; एक वाचणारा आणि भोवती ऐकणारे. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांना केलेली विनवणी असो, की दासबोधातील श्रोते आणि वक्ते यांचा संवाद असो, ग्रंथ हा समोर बसलेल्या कानांना उद्देशून आहे. मुद्रणाबरोबर मनातल्या मनात वाचणारा वाचक आला; आणि तो आला तेव्हा, विशेषतः कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसणारी स्त्री आली तेव्हा, समाजाला ती बिघडल्याचीच शंका आली. आज मूकवाचनाला कोणी विकृती म्हणत नाही. उलट, एकांतात वाचल्यावाचून आधुनिक कविता कळणारच नाही, असे आपणच वर्गात सांगतो. हेडफोन लावून ऐकणे म्हणजे श्रवणाचे मूकवाचन आहे. पोथीच्या जागी ते येऊ नये. पण पोथीने त्याला हुसकूनही लावू नये.

* * *

आता त्या डबीविषयी थोडे. ध्वनिवर्धक म्हणजे आवाज मोठा करणारे यंत्र, अशी आमचीही समजूत होती. वस्तुतः त्याचे काम थोडे वेगळे आहे. हेडफोनच्या आतल्या वेटोळ्याचा विद्युतरोध ओहममध्ये मोजतात. मोबाइलसोबतच्या साध्या हेडफोनचा तो १६ किंवा ३२ असतो. आमच्याकडे आलेल्याचा २५०. रोध जितका अधिक, तितका पुरेशा आवाजासाठी दाब, म्हणजे व्होल्टेज, अधिक लागतो. लॅपटॉपच्या भोकातून फार तर एखादा व्होल्ट मिळतो. पाण्याचा दाब हा विषय सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही: उजनीत पाणी असून उपयोग काय, ते तिसऱ्या मजल्यावर चढले पाहिजे. दुसरी अट अशी, की ध्वनिवर्धकाचा स्वतःचा रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. नाहीतर काही हेडफोनांच्या बाबतीत काही सूर उगाच फुगतात आणि काही दबतात. म्हणजे ऐकणारा गायकाला दोष देतो आणि दोष वायरीचा असतो.

आमची पहिली फजिती निराळीच झाली. सगळे जोडले, खुंटी फिरवली, तर पदाच्या मागे एक सलग गुणगुण. आम्ही ती जुन्या तबकडीची खरखर समजून चार दिवस सहन केली. एका टिपणात तर 'मागे तंबोऱ्यासारखा नाद' असेही लिहून ठेवले. पाचव्या दिवशी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि तंबोरा थांबला. गुणगुण घरातल्या अर्थिंगची होती. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीतल्या सॉकेटमध्ये आणि ध्वनिवर्धक दुसऱ्या भिंतीतल्या. दोहोंच्या जमिनीच्या तारांत फरक, आणि तो फरक यूएसबीच्या वायरीतून कानात. दोन्ही एकाच बोर्डवर घेतली, तेव्हा नाद गेला. टिपणातील ते वाक्य खोडताना आम्हांला पाठचिकित्सेचा एक धडा मिळाला: पाठभेद नोंदवण्यापूर्वी प्रत करणाऱ्याची शाई तपासावी.

खरा धडा पुढेच होता. १९२५ पर्यंतच्या, म्हणजे मायक्रोफोनपूर्व, तबकड्यांत सुमारे दोन ते अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटत नसे. विद्युत पद्धत आल्यावर ही मर्यादा पाच हजारांच्या आसपास गेली. 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा ध्वनी याच वरच्या पट्टीत, विशेषतः तीन-चार हजारांच्या पुढे, असतो. स्वर खाली असतात. व्यंजनांची धार वर. त्यामुळे जुन्या तबकडीत सूर शाबूत राहतो आणि अक्षर झिजते. ज्या जागी आम्ही 'गायकाने शब्द बदलला' अशी नोंद केली होती, त्यांतल्या निम्म्या जागी शब्द बदलला नव्हता. तो टिपला गेला नव्हता. चांगल्या हेडफोनने आम्हांला हरवलेले अक्षर परत दिले नाही, कारण ते तबकडीत नव्हतेच. ते तिथे नाही, एवढे मात्र त्याने नि:संशय दाखवले.

* * *

याच सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील घरी आले. तेलुगू भाषक पद्मशाली घर. पस्तीस वर्षे यंत्रमागावर काढून नुकतेच घरी बसलेले. टेबलावरचे यंत्र पाहून त्यांना उत्सुकता वाटली. आम्ही हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि प्रथम एक फार जुने, कर्ण्यात गायलेले पद लावले. मग त्यांच्या आवडीचे प्रल्हाद शिंदे यांचे विठ्ठलगीत लावले. पहिले किती अस्पष्ट आणि दुसरे किती स्वच्छ, हे ते सांगतील, या अपेक्षेने आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांना दोहोंत फारसा फरक जाणवला नाही. आम्ही खुंटी थोडी वाढवली. ते म्हणाले, "आवाज येतोय की सर. अक्षरं येईनात."

खुंटीवरचा हात आम्ही काढून घेतला. विणकाम-शेडमधील आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षे काढली, की अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आणि त्या प्रथम मरतात त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणजे नेमक्या तिथल्या, जिथे अक्षराची धार असते. कर्ण्याच्या काळातील तबकडीला जे छिद्र होते, तेच छिद्र या माणसाच्या कानाला पडले होते. तबकडीला ते यंत्राच्या अपुरेपणाने. याला यंत्राच्या सहवासाने. त्याच्या लेखी सगळीच गाणी १९१० सालची झाली होती.

लँकेशायरच्या कापडगिरण्यांत विणकरणींनी ओठांच्या हालचालींची एक भाषाच तयार केली होती, असे आम्ही वाचले होते. ते सांगितल्यावर हे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "आम्ही बी तसंच करतो. घरात मुलगी म्हणते, अप्पा, माझ्या तोंडाकडं काय बघता?" ती मुलगी तीन वर्षे आमच्या वर्गात बसत होती. आम्ही तिला नादमाधुर्य, अनुप्रास, यमक शिकवत होतो.

कायद्याच्या कागदावर हे दुखणे अनोळखी नव्हते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली आवाजामुळे येणारे बहिरेपण अधिसूचनीय रोगांत होते आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याला जागा होती. परंतु विजेवर चालणाऱ्या जागेत दहापेक्षा कमी कामगार असले, की तो अधिनियम सहसा लागू होत नसे. आणि गल्लीबोळांतील शेडमध्ये माणसे मोजकीच. त्यांची पस्तीस वर्षे त्या दहाच्या आकड्याच्या अलीकडे गेली. आम्ही एवढेच करू शकलो, की मुलीला त्यांची श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितले. आलेखावर रेघ चार हजारांपाशी दरीत उतरावी तशी उतरलेली होती. श्रवणयंत्राचा उपयोग होईल, पूर्वीसारखे होणार नाही, असे तिला सांगण्यात आले.

जाता जाता, विद्यार्थ्यांसाठी एक रुक्ष वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा करायचा. चांगला ध्वनिवर्धक ही मर्यादा नकळत ओलांडून देण्यास पूर्ण समर्थ असतो, कारण त्याचा मोठा आवाज कर्कश लागत नाही. जे नुकसान विणकराने पोटासाठी सोसले, ते आपण हौसेने विकत घेऊ नये.

आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप द्यायचे आहे. एकट्याने ऐकणे ही विकृती नव्हे, हे इतिहास दाखवतो. परंतु गल्लीतला आवाज ज्याला कान झाकून बाहेर ठेवता येतो तो, आणि ज्याला त्याच आवाजात पोट भरावे लागते तो, यांचा एकांत एक नाही, हेही तोच इतिहास दाखवतो. आम्ही हेडफोन लावतो तेव्हा माग ऐकू येईनासा होतो; मागाचे चालणे त्यामुळे थांबत नाही.

टिपणाचे काम आता पुरे होत आले आहे. ज्या जागी शब्द ऐकू येत नाही, तिथे आम्ही आता 'गायकाने गाळला' असे न लिहिता 'आम्हांला ऐकू आला नाही' असे लिहितो. ते गृहस्थ मधूनमधून येतात. मग हेडफोन काढून ठेवतो, लहानसा स्पीकर लावतो, आणि गाणे चालू असता त्याचे शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्यासमोर धरतो. ते कागदाकडे पाहत ऐकतात. आत्याबाईही येऊन बसतात.